आठ पायांची चिप आणि उसना ताल: क्रिस्टलशिवाय यूएसबी जमवल्याचं प्रकरण

"सर, यावर क्रिस्टल लावायचा राहिलाय का?"

डिजिस्पार्कसारखा बोर्ड पहिल्यांदा हातात घेणारा विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो, आणि मला तो प्रश्न मनापासून आवडतो. बोर्ड अंगठ्याच्या पेराएवढा. एका टोकाला छापील तांब्याच्या चार पट्ट्या, त्या थेट लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत जातात. वर आठ पायांची एक काळी चिप, एक व्होल्टेज रेग्युलेटर, दोन झेनर डायोड, तीन-चार रेझिस्टर, दोन एलईडी. शेजारी आर्डुइनो ऊनो हा शिकाऊंचा नेहमीचा बोर्ड ठेवा. त्यावर 16 आकडा कोरलेला चकचकीत धातूचा लांबट डबा दिसतो, तोच क्रिस्टल, चिपला नेमका ताल देणारा क्वार्ट्झचा तुकडा. गंमत अशी की ऊनोवर हा डबा मुख्य चिपसाठी नसतो. मुख्य चिपला एक छोटा सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे क्रिस्टलचा स्वस्त पण कमी नेमका भाऊ, पुरतो. क्रिस्टल असतो तो शेजारच्या यूएसबी सांभाळणाऱ्या चिपसाठी. यूएसबीला नेमकेपणा लागतो, म्हणून तिथे महागडा घड्याळजी बसवला आहे.

मग या अंगठ्याएवढ्या बोर्डवर तो का नाही? शिवाय इथे यूएसबीसाठी वेगळी चिपही नाही. एटीटायनी85 नावाचा साधा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), ज्याच्या आत यूएसबीचं हार्डवेअर अजिबात नाही, तो सॉफ्टवेअरच्या जोरावर यूएसबी बोलतो आणि तेही आतल्या डगमगत्या आरसी ऑसिलेटरवर. क्रिस्टलशिवाय स्थिर क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा ताल, कसा मिळवावा, याचा याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. म्हणून हे एकच प्रकरण शेवटपर्यंत उलगडून बघू.

पाय मोजायला घेतले की

आठ पाय. एक पुरवठ्याचा, एक ग्राउंडचा. एक रिसेटचा, तो साध्या कामाला लावता येतो, पण मग नेहमीच्या प्रोग्रॅमरने चिप पुन्हा प्रोग्रॅम करता येत नाही, त्यासाठी 12 व्होल्टची वेगळी पद्धत लागते. उरले पाच. यूएसबीच्या डी प्लस आणि डी मायनस या दोन तारा, म्हणजे उरले तीन. आता क्रिस्टल लावायचा म्हटला तर त्याला दोन पाय द्यावे लागतात. हातात राहिला एक. एका पायावर काय करणार? एक बटण, नाहीतर एक सेन्सर.

डिजिस्पार्कच्या रचनेत यूएसबीच्या दोन तारा पीबी3 आणि पीबी4 या पायांवर आहेत. डेटाशीट, म्हणजे चिपचं अधिकृत माहितीपत्रक, उघडून बघा: क्रिस्टलसाठी राखलेले पाय हेच. ज्या दोन खुर्च्या क्रिस्टलच्या, त्यांवरच यूएसबी येऊन बसली आहे. क्रिस्टल "राहिलेला" नाही, त्याला जागाच ठेवलेली नाही.

यामागचं सॉफ्टवेअर म्हणजे व्ही-यूएसबी. ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या छोट्या कंपनीने ते लिहिलं आणि मुक्तपणे वाटलं. 2012 मध्ये डिजिस्पार्क लोकवर्गणीतून आला आणि हे तंत्र हजारो हौशी लोकांच्या टेबलावर पोहोचलं. आज लॅमिंग्टन रोडवर त्याच्या नकला सहज मिळतात. पण मूळ कल्पना त्याआधीची आहे. ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटचा ईझीलॉगर नावाचा एक नमुना-प्रकल्प होता: एक सेन्सर मोजायचा आणि मोजलेले आकडे कीबोर्ड असल्याचं भासवून संगणकात टाइप करायचे. त्यातच बिनक्रिस्टलची युक्ती पूर्ण रूपात आहे. पुढे मी जो कोड वर्णन करतो आहे तो तिथलाच.

आरसी ऑसिलेटर किती चुकतो

आरसी ऑसिलेटर म्हणजे एक कपॅसिटर रेझिस्टरमधून भरायचा, ठरावीक पातळीला पोहोचला की रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. सगळं सिलिकॉनच्या आत. स्वस्त, लहान, चटकन सुरू होणारं. अडचण एवढीच की कारखान्यात प्रत्येक चकतीवर रेझिस्टर आणि कपॅसिटर थोडे वेगळे उतरतात, आणि वापरताना तापमान व व्होल्टेज बदललं की वारंवारताही सरकते.

एटीटायनी85च्या आतला ऑसिलेटर 8 मेगाहर्ट्झचा. कारखान्यातून येताना त्याची हमी ±10 टक्के. आपण स्वतः बसून जुळवला तर ठरावीक तापमान आणि ठरावीक व्होल्टेजला ±1 टक्का. टक्क्यांत सांगितलं की हे फार वाटत नाही, म्हणून घड्याळाच्या भाषेत सांगतो. 10 टक्के चूक म्हणजे दिवसाला 2 तास 24 मिनिटं. 1 टक्का म्हणजे दिवसाला 14 मिनिटं 24 सेकंद. भिंतीवरच्या घड्याळातला 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20 एवढी चूक) साधा क्वार्ट्झ दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत राहतो. दोघांमध्ये अंतर एवढं आहे.

यूएसबी काय मागते

यूएसबीच्या तीन जुन्या गतींपैकी सर्वांत हळू ती लो-स्पीड: सेकंदाला 15 लाख बिट. कीबोर्ड, माऊस यांच्यासाठी ठेवलेली. फुल-स्पीड उपकरणाला ±0.25 टक्के नेमकेपणा पाळावा लागतो, हाय-स्पीडला ±0.05 टक्के, पण लो-स्पीडला ±1.5 टक्के चालतो. मुद्दाम सैल ठेवलेला नियम आहे हा, स्वस्त उपकरणांत स्वस्त रेझोनेटर वापरता यावा म्हणून. व्ही-यूएसबी याच फटीतून आत शिरते.

पाठवण्याच्या बाजूला 1.5 टक्के म्हणजे 1.5 टक्के. ऐकण्याच्या बाजूला मात्र हिशेब जरा करावा लागतो.

लो-स्पीडच्या एका डेटा पाकिटात जास्तीत जास्त 8 बाइट माहिती असते. पुढे 8 बिटांचा ताल-संकेत, मग 8 बिटांची ओळख, माहितीचे 64 बिट, शेवटी 16 बिटांची तपासणी-बेरीज. झाले 96 बिट. पाकीट सुरू होताना आपण बिटाच्या बरोबर मध्यावर नजर ठेवली आणि पुढे फक्त आपल्या क्लॉकने मोजत गेलो, तर 1 टक्का चुकीने 96व्या बिटापर्यंत जवळपास अख्खा बिट सरकतो. म्हणजे शेवटी आपण शेजारचाच बिट वाचतो. क्रिस्टल असेल तर प्रश्नच नाही: व्ही-यूएसबीचे क्रिस्टलवाले भाग 0.2 टक्के नेमकेपणा मागतात, आणि 0.2 टक्क्याने 96 बिटांत सरक होते एका बिटाच्या पंचमांशाहून कमी. वाचन मध्यापासून हललं तरी कडेपर्यंत जात नाही.

बिनक्रिस्टलच्या भागाला म्हणून वेगळी व्यवस्था करावी लागली, आणि ती यूएसबीच्याच एका नियमावर उभी आहे. यूएसबीत 0 म्हणजे तारेची स्थिती पलटते आणि 1 म्हणजे ती तशीच राहते. सलग खूप 1 आले तर तार गप्प पडेल, ऐकणाऱ्याला कुठे आहोत ते कळणार नाही. म्हणून नियम असा की सहा 1 सलग गेले की पाठवणाऱ्याने एक 0 घुसवायचाच. परिणामी सात बिटांच्या आत एक तरी पलटी, एक तरी कडा मिळतेच मिळते. ऐकणाऱ्याने प्रत्येक कडेशी स्वतःला पुन्हा जुळवून घेतलं, तर चूक 96 बिटांची साठत नाही, फक्त सात बिटांची साठते. 1 टक्क्याचे सात टक्के. अर्धा बिट, म्हणजे 50 टक्के, जिथे धोका सुरू होतो, तिथपासून हे फार लांब.

व्ही-यूएसबीच्या 16.5 मेगाहर्ट्झच्या असेंब्ली (चिपच्या मूळ सूचनांत लिहिलेल्या) भागात हेच केलेलं आहे. कडा अपेक्षेपेक्षा लवकर आली की उशिरा, हे बघून वाचनाची वेळ सावरून घेणारा एक छोटा पीएलएल, म्हणजे बाहेरच्या तालाशी आपला ताल बांधून ठेवणारी व्यवस्था, चक्क सॉफ्टवेअरमध्ये बसवला आहे, आणि तो ±1 टक्का फरक सहन करतो. असाच दुसरा भाग 12.8 मेगाहर्ट्झचा, तोही आरसीसाठीच.

16.5 हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. 16.5 भागिले 1.5 म्हणजे 11. एका बिटाला बरोबर 11 क्लॉक सायकल. त्या 11 सायकलींत तार वाचायची, पलटी झाली का ते ठरवायचं, बिट आत सरकवायचा, घुसवलेला 0 ओळखून टाकून द्यायचा, कडेशी जुळवून घ्यायचं आणि बाइट भरला की साठवायचा. एका सायकलीत साधारण एक सूचना. हा असेंब्ली कोड मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. कुठे एकही सायकल सैल सोडलेली नाही. 16 मेगाहर्ट्झला भागाकार 10.67 येतो, आणि असल्या अपूर्णांकावर पीएलएल चालवणं फार जिकिरीचं.

चिपमधली साखळी अशी: आरसी ऑसिलेटर 8 ऐवजी 8.25 मेगाहर्ट्झवर ओढायचा, चिपमधला हार्डवेअर पीएलएल त्याची आठपट करतो, 66 मेगाहर्ट्झ; त्याचा चौथा हिस्सा 16.5, तो प्रोसेसरला. फ्यूज बिटांमध्ये (चिपच्या कायम राहणाऱ्या सेटिंगमध्ये) क्लॉकचा स्रोत पीएलएल असा निवडला की झालं. म्हणजे प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतो. कारखान्यातून ±10 टक्के हमीवर आलेला ऑसिलेटर 8.25 मेगाहर्ट्झच्या एक टक्का आत आणायचा. कोणाला विचारून?

पहिले काही मिलिसेकंद

ऑसिलेटर ओढण्यासाठी चिपमध्ये ऑसकॅल नावाचं एक रजिस्टर आहे. 0 ते 255 मधला आकडा लिहायचा, वारंवारता बदलते. पण खुंटी पिळायला सूर माहीत हवा. दिंडीत नवखा टाळकरी स्वतःच्या मनाने लय धरत नाही, तो पखवाजाच्या थापेकडे कान लावतो. इथे पखवाज समोरच आहे: यूएसबीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला संगणक.

बोर्ड खाचेत सरकवला की डी मायनसवरचा 1.5 किलोओहमचा रेझिस्टर ती तार वर ओढतो. होस्टला, म्हणजे त्या संगणकाला, कळतं, लो-स्पीड उपकरण आलं. होस्ट दोन्ही तारा काही मिलिसेकंद खाली धरतो. हा यूएसबी रिसेट. तो संपला की होस्ट, अजून एक शब्दही न बोलता, दर मिलिसेकंदाला एक बारीक टिचकी मारायला लागतो. दोन्ही तारा क्षणभर खाली, पुन्हा पूर्ववत. लो-स्पीड उपकरणाने "बस (म्हणजे यूएसबीच्या सामायिक तारा) झोपली" असं समजू नये म्हणून ही टिचकी असते. नियमानुसार दोन टिचक्यांमधलं अंतर 1 मिलिसेकंद, अधिक-उणे 500 नॅनोसेकंद. म्हणजे 0.05 टक्के. संगणकाच्या मदरबोर्डवर क्रिस्टल आहे, आणि त्याचा नेमकेपणा या टिचकीतून फुकट आपल्या तारेवर येतो.

ऑसिलोस्कोपवर हे बघण्यासारखं आहे. सरळ रेषेवर दर मिलिसेकंदाला एक खाच, बाकी शांतता. विद्यार्थ्यांना मी आधी हीच खाच दाखवतो आणि मगच कोड उघडतो.

आता मोजणी. व्ही-यूएसबीतलं फ्रेमची (दोन टिचक्यांमधल्या काळाची) लांबी मोजणारं फंक्शन सगळे इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच थांबवणारे संकेत, बंद करून फक्त तारेकडे बघत राहतं आणि एका टिचकीपासून पुढच्या टिचकीपर्यंत किती वेळा स्वतःभोवती फिरलं ते मोजतं. एका फेऱ्याला 7 सायकल. अपेक्षित उत्तराचं सूत्र कोडमध्ये असं: 1499 गुणिले क्लॉक, भागिले 10.5 मेगाहर्ट्झ. पहिल्यांदा वाचताना हा 1499 कुठून टपकला ते कळेना. उलगडा सोपा आहे. 1 मिलिसेकंदात लो-स्पीडचे 1500 बिट बसतात, मोजणीतून एक बिटाची लांबी वगळली जाते, म्हणून 1499. आणि 1.5 मेगाहर्ट्झ गुणिले 7 सायकल म्हणजे 10.5. 16.5 मेगाहर्ट्झ टाकले की उत्तर येतं 2356. एवढे फेरे झाले तर क्लॉक बरोबर. कमी झाले तर आपण हळू, जास्त झाले तर आपण जलद. एका फेऱ्याची बारकाई 16,500 मध्ये 7 सायकल, म्हणजे 0.04 टक्के. लागणाऱ्या नेमकेपणापेक्षा कितीतरी बारीक.

मग शोध. 256 आकडे एकेक करून बघायला वेळ नाही, म्हणून अर्धे-अर्धे करत जायचं. समजा एखाद्या चिपला 8.25 मेगाहर्ट्झच्या सर्वांत जवळ नेणारा आकडा 170 आहे, आणि 170वर ती किंचितशी जलदच आहे. पहिला प्रयत्न 128: हळू, ठेवा. 192: जलद, सोडा. 160: हळू, ठेवा. 176: जलद. 168: हळू, ठेवा. 172: जलद. 170: किंचित जलद, सोडा. 169: हळू, ठेवा. आठ मोजण्या झाल्या आणि हातात आला 169. पण सर्वांत जवळचा तर 170! म्हणूनच कोड इथे थांबत नाही. शेवटी तो मिळालेला आकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी, 168, 169, 170, पुन्हा मोजतो आणि ज्याचा फरक सगळ्यांत कमी तो निवडतो. एकूण 11 मोजण्या. हा शेजार-शोध अनावश्यक वाटून काढून टाकलेला कोड मी पाहिला आहे. काढू नका. ऑसकॅलच्या 128 पायऱ्यांत वारंवारता साधारण दुप्पट होते, म्हणजे एका पायरीला सरासरी अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. 1 टक्क्याच्या मर्यादेत अर्धा टक्का उगाच घालवणं परवडत नाही.

या शोधात एक खड्डा आहे, आणि तो कसा आपोआप ओलांडला जातो ते मला फार सुंदर वाटतं. ऑसकॅलचा आकडा वाढवला की वारंवारता वाढते, पण एका जागी नाही. सर्वांत वरचा बिट वेगळा पट्टा निवडतो, आणि दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून 127ला वारंवारता जास्त आणि 128ला एकदम कमी. अर्धे-अर्धे करण्याच्या पद्धतीला आकडे चढत्या क्रमाने हवे असतात. इथे तर मध्येच उतार आहे. मग शोध फसत कसा नाही? पहिला प्रयत्न नेमका 128वर पडतो. तिथे चिप हळू निघाली, तर उत्तर वरच्या पट्ट्यात सापडेल. जलद निघाली, तर 127 त्याहूनही जलद असणार, म्हणजे हवी ती वारंवारता खालच्या पट्ट्यात नक्की आहे. एकदा पट्टा ठरला की पुढे चढण सरळ. सुरुवात 100 किंवा 150पासून केली असती तर ही हमी राहिली नसती.

या सगळ्याला वेळ किती? टिचकीची वाट बघणं आणि मग मोजणं धरून एका मोजणीला 1 ते 2 मिलिसेकंद, म्हणजे 11 मोजण्यांना 11 ते 22. रिसेटनंतर होस्टने उपकरणाला सावरायला 10 मिलिसेकंद द्यायचे असा नियम आहे. तेव्हा होस्टचा पहिला प्रश्न कधी कधी चिप मोजणीत गुंतलेली असतानाच येऊ शकतो. होस्ट उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारतो, म्हणून व्यवहारात निभावतं. शिवाय सापडलेला आकडा ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीच्या) पहिल्या घरात लिहून ठेवतात; पुढच्या वेळी वीज आली की चिप तोच आकडा उचलते आणि कामाची सुरुवातच जवळजवळ बरोबर तालावर होते.

डेटाशीटला काय वाटतं

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण हे तंत्र शिकवताना बहुतेक जण हा भाग गाळतात. ऑसकॅलबद्दल डेटाशीटमध्ये इशारा आहे: चिप चालू असताना एका सायकलीपासून पुढच्या सायकलीत वारंवारता 2 टक्क्यांहून जास्त बदलली तर चिप कशी वागेल याची हमी नाही. आणि अर्धे-अर्धे करण्याच्या शोधात तर 128वरून 192वर थेट उडी आहे. असंख्य बोर्ड अशा उड्या मारून व्यवस्थित चालतात. तरीही हौशी बोर्डसाठी मी हे बिनधास्त वापरेन आणि कोणाच्या विक्रीच्या मालात घालणार नाही. विक्रीच्या मालात घालायचंच असेल तर दोन आकड्यांमधलं अंतर एकेक पायरीने कापायचं. काही मायक्रोसेकंद जास्त गेले तर जाऊ देत.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. एटीटायनी85ला 16.5 मेगाहर्ट्झवर चालायचं तर किमान 3.9 व्होल्टच्या आसपास पुरवठा लागतो. यूएसबीच्या तारा मात्र 3.3 व्होल्टच्या आसपासच्या. म्हणून चिप 5 व्होल्टवर आणि तारांवर 3.6 व्होल्टचे दोन झेनर. अनेक जण चिपच 3.3 व्होल्टवर चालवून झेनर वाचवतात. तसं केलं की वारंवारता मर्यादेबाहेर जाते, आणि मग उन्हाळ्यात बोर्ड "ओळखला गेला नाही" असा संदेश आला की लोक आरसीला दोष देतात. चूक आरसीची नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: बोर्ड संगणकातून काढला की पखवाज थांबला. चिपकडे उरतो तो ईईप्रॉममधला आकडा, म्हणजे शेवटच्या भेटीत, त्या वेळच्या तापमानाला, त्या वेळच्या व्होल्टेजला बरोबर असलेला ताल. टेबलावर एसीत जुळवलेला बोर्ड पॉवर बँकेला जोडून मे महिन्यात गच्चीवरच्या ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला ठेवला, आणि उन्हाने क्लॉक समजा 1 टक्का सरकला, तर महिन्याभरात व्हॉल्व्हची वेळ सात तासांहून अधिक हलते. सकाळचं पाणी भर दुपारी सुटेल. अशा कामाला वेगळा घड्याळ-आयसी लावावा, त्यात 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल असतो. क्रिस्टल टाळणं ही प्रतिष्ठेची बाब नाही. तो कुठे लागत नाही हे ओळखणं कामाचं.

हीच युक्ती सिलिकॉनमध्ये

सॉफ्टवेअरमध्ये हौसेने जमवलेली ही गोष्ट चिप बनवणाऱ्यांनी हार्डवेअरमध्येही केली आहे. एसटीएम32एफ042 हे जवळचं उदाहरण. त्यात 48 मेगाहर्ट्झचा आतला ऑसिलेटर आणि शेजारी क्लॉक रिकव्हरी सिस्टीम नावाचा भाग आहे. ही चिप फुल-स्पीड बोलते, म्हणजे 0.25 टक्के पाळायचे. तिथे दर मिलिसेकंदाला टिचकीऐवजी फ्रेम सुरू झाल्याचं छोटं पाकीटच येतं.

काउंटर 47,999पासून 48 मेगाहर्ट्झने खाली उतरतो. क्लॉक बरोबर असेल तर पुढचं पाकीट येतं तेव्हा तो शून्यापाशी असतो. शून्य ओलांडलं की तो पुन्हा वर चढू लागतो. पाकीट आलं त्या क्षणी जो आकडा असेल तीच चूक, आणि उतरताना सापडला की चढताना, यावरून जलद की हळू ते कळतं. खुंटीची एक पायरी 0.14 टक्के, म्हणजे 48,000 मध्ये 67 सायकल. म्हणून चुकीची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये 34 ठेवली आहे, पायरीच्या निम्मी. चूक 34च्या आत असेल तर हात लावायचा नाही, कारण एक पायरी हलवली तर चूक वाढेल. त्याच्या तिपटीच्या आत असेल तर एक पायरी, त्याहून जास्त असेल तर दोन. प्रोसेसरला यातलं काही कळतही नाही. दर मिलिसेकंदाला हे चालू राहतं, चिप तापली तरी, गार झाली तरी. एकदाच जुळवून विसरणं आणि सतत जुळवत राहणं यातला फरक इथे दिसतो.

यूएसबीबाहेरही हे आहे. मोटारीच्या दारात काच वरखाली करणाऱ्या मोटरला जोडलेली लिन बस (मोटारीतल्या भागांना जोडणारी संदेशांची तार) घ्या. तिच्या दुय्यम नोडला, म्हणजे तिच्यावरच्या दुय्यम भागाला, आधी ±14 टक्के चूक माफ आहे. मुख्य नोड प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला 0 आणि 1 आलटून-पालटून असलेला एक बाइट पाठवतो. दुय्यम नोड त्यावरून बिटाची लांबी मोजतो आणि 2 टक्क्यांच्या आत येतो. त्यासाठीही दारात क्रिस्टल बसवायची गरज उरत नाही.

घरातल्या विजेवर चालणाऱ्या उपकरणाला तर भिंतीतूनच ताल मिळतो. आपल्या ग्रिड संहितेत 49.90 ते 50.05 हर्ट्झ असा पट्टा ठरलेला आहे, म्हणजे 50पासून फार तर 0.2 टक्के. आरसी जुळवायला हे भरपूर झालं. फक्त वारंवारता अधूनमधून पट्ट्याबाहेर जाते आणि लोडशेडिंगमध्ये तालच गायब होतो, हे धरून चालावं.

डी मायनसची तार

डिजिस्पार्ककडे परत येतो, कारण एक गोष्ट राहिली. मोजणीचं फंक्शन फक्त रिसेटनंतर लगेच वापरता येतं. नंतर तारेवर बाकी बोलणं सुरू होतं आणि इंटरप्ट बंद ठेवून बसणं शक्य नसतं. म्हणजे सकाळी जोडलेला बोर्ड दुपारी तापला, तर मधे रिसेट आला नाही तोवर चिप सकाळच्याच तालावर असते. मग एसटीएमसारखं सतत जुळवणं या आठ पायांवर जमेल का?

जमतं, आणि त्याची सोय व्ही-यूएसबीतच एका छोट्या हेडर फाइलमध्ये आहे. अट एकच: इंटरप्टच्या पायाला डी प्लसऐवजी डी मायनस जोडायची. कारण बघा. लो-स्पीडमध्ये बस शांत असताना डी मायनस वर असते आणि डी प्लस खाली. टिचकी म्हणजे दोन्ही खाली. डी प्लस आधीच खाली आहे, तिच्यावर काही घडतच नाही. डी मायनसवर मात्र उतरती कडा येते. त्या कडेने दर मिलिसेकंदाला इंटरप्ट उठतो. तेव्हा टायमरकडे बघायचं. 16.5 मेगाहर्ट्झला 64ने भागून चालणारा 8 बिटांचा टायमर एका मिलिसेकंदात 257 ते 258 पावलं टाकतो, म्हणजे एक पूर्ण फेरा मारून एक-दोन पावलं पुढे. फरक 0.5 टक्क्याच्या बाहेर गेला की ऑसकॅल एका पायरीने हलवायचा. मोठी उडी नाही, त्यामुळे डेटाशीटचीही तक्रार नाही.

किंमत अशी की सेकंदाला हजार इंटरप्ट जादा येतात, आणि एटीटायनी85चा इंटरप्ट पाय पीबी2 अडकून बसतो, जिथे बहुतेकांना सेन्सरची तार लावायची असते. नवा बोर्ड आखताना मी तो पाय यूएसबीलाच देतो. सेन्सर पीबी3वर जातो, तिथेही एडीसी (व्होल्टेज आकड्यात बदलणारी सोय) आहेच.